बोक्याला हार्नेस घालून खाली फिरवायचं आहे. सुरुवात कशी करावी?

घणसोली_सातवा_मजला
देशी बोका, वय दीड वर्ष, नसबंदी झालेली. खिडक्यांना जाळी आहे, पण दार उघडलं की जिन्याकडे धाव घेतो. म्हणून सोसायटीच्या पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या मोकळ्या जागेत) फिरवायचा विचार आहे. कुत्र्याच्या पिल्लाचा हार्नेस चालेल का? लसी फक्त लहानपणीच्या झाल्या आहेत.

घोडबंदरची_माऊ
कुत्र्याचा हार्नेस नको. मांजराची हासळीची हाडं खांद्याला जोडलेली नसतात, स्नायूंत नुसती अडकलेली असतात. त्यामुळे ते खांदे आक्रसून घेतं आणि मागे सरकत डोकं बाहेर काढतं. पट्टा पुढे ओढताना नाही, मागे सरकतानाच मांजर सुटतं. मांजरासाठीच शिवलेला जाकिटासारखा हार्नेस घ्या, गळ्याला आणि छातीला वेगवेगळा आवळता येणारा. मापं दोन: गळ्याचा घेर आणि पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर. घातल्यावर आत एक बोट आरामात, दुसरं जेमतेम जायला हवं.

पहिले काही दिवस हार्नेस त्याच्या जेवणाच्या ताटलीजवळ नुसता ठेवा. मग जेवणाआधी घाला, दोन-तीन मिनिटांत काढा. सुरुवातीला तो आडवा पडेल, पाय ताठ करेल. अंगाला कापड दाबून बसलं की मांजरं असंच करतात. उचलून उभा करू नका, आवडीचा खाऊ जरा लांब धरा, तो आपणहून उठेल. नीट चालू लागला की लीश (हार्नेसला अडकवायची दोरी) लावून घरातच परीक्षा घ्या. त्याच्या समोर बसून लीश हलकेच स्वतःकडे ओढा, तो मागे रेटेल. कोपर बाहेर आलं तर हार्नेस ढिला आहे, बाहेर जायचं नाही.

लीश दीड ते दोन मीटरची, साधी. आपोआप गुंडाळणारी नको. हातातून सुटली तर तिची जड मूठ मागे खडखडत येते आणि मांजर आणखी जोरात पळतं. लीश पाठीवरच्या कडीलाच अडकवा, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही.

नेरूळ_पामबीच
दाराबद्दल महत्त्वाचं. हार्नेस घालून त्याला स्वतःच्या पायांनी उंबरठा ओलांडू दिला तर दाराकडची धाव वाढेल. कॅरिअरमध्ये (मांजर न्यायच्या पेटीत) बसवून खाली न्या, तिथेच उघडा, परतही तसंच आणा. वेळ रोज एकच, जेवणाच्या आधी. वर आल्याबरोबर ताटली मांडा, म्हणजे दारापाशी ओरडत बसणं कमी होतं.

बाहेर जायच्या आधी व्हेटकडून तिहेरी लसीचा आणि रेबीजचा बूस्टर घ्या. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. जंताचं औषध आणि पिसू-गोचिडांसाठी मानेवर लावायचं औषधही हवं, पण मांजराचंच. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही, झटके येऊन जीव जातो. कृपया मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने काही लावू नका.

घणसोली_सातवा_मजला
धन्यवाद. किती वाजता न्यावं? आणि भटकं कुत्रं समोर आलं तर उचलून घ्यायचं का?

घोडबंदरची_माऊ
पहाटे किंवा रात्री नऊनंतर. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सातलाही फरशी तापलेली असते. हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. तोंड उघडून धापा टाकू लागला तर ताबडतोब वर, पंख्याखाली आणा, पंजे आणि पोट ओल्या फडक्याने पुसा. धाप थांबली नाही तर थेट व्हेट.

घाबरलेल्या मांजराला उघड्या हातांनी उचलू नका, ते तुमच्याच दंडावर चढून डोक्यावरून उडी मारेल. कॅरिअर तोंड उघडं ठेवून कायम पायाशी असू द्या, बहुतेक वेळा ते स्वतःच आत शिरतं. नाहीतर जाड टॉवेल टाकून गुंडाळा. सोसायटीत कुत्र्यांना खाऊ घालायची वेळ वॉचमनला विचारून ठेवा आणि ती टाळा.

पहिल्या फेऱ्या पाच-दहा मिनिटांच्याच. तो चालेलच असं नाही, एका झुडपाखाली बसून वास घेत राहील. तेही फिरणंच आहे, ओढू नका. पोट जमिनीला, कान आडवे, शेपटी फुललेली असेल तर परत फिरा.

नेरूळ_पामबीच
झुडपावरून आठवलं: पोडियमवर सायकस (ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड) हमखास लावलेलं असतं. त्याचा प्रत्येक भाग, विशेषतः बी, यकृताला घातक. कण्हेर हृदयाला. दोन्हींपासून लांब बसवा. उंदरांचं औषध कुठे ठेवलंय तेही विचारा.

येऊरला मात्र नेऊ नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबटे आहेत. पावसाळ्यात गवतात साप आणि गोचिडी दोन्ही वाढतात, तेव्हा फक्त फरशीवर फिरवा. वर आल्यावर पंजांच्या बोटांमध्ये, कानांच्या आत आणि हार्नेसखाली काखेत चाचपून बघा, गोचिडी तिथेच सापडतात.