धमनीविकारात रसायनांमुळे होणारी डीएनएची हानी : कारण की परिणाम?

धागाकर्ता :
धमन्यांच्या आजाराची चर्चा आपल्याकडे कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि मधुमेह यांपाशीच थांबते. धुरातील व पाण्यातील विषारी रसायने पेशींच्या डीएनएची जी हानी करतात, तिला या आजाराचे स्वतंत्र कारण मानले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. धमनीच्या भिंतीत साचणाऱ्या चरबीयुक्त थरातल्या, म्हणजे प्लाकमधल्या, स्नायुपेशी बहुतांशी एकाच मूळ पेशीपासून वाढलेल्या असतात, म्हणजे प्लाक ही एक प्रकारची सौम्य गाठ असू शकते, असा सिद्धान्त अर्ल आणि जॉन बेंडिट यांनी १९७३ मध्ये मांडला. पुढे कर्करोगकारक रसायने टोचलेल्या कोंबड्यांच्या महाधमनीतील प्लाक अधिक वाढल्याचे दिसले आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या धमन्यांत डीएनएला जोडले गेलेले रसायनांचे अंशही सापडले. स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांत, हृदयाला पोहोचलेल्या दर ग्रे (किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) मात्रेमागे गंभीर हृदयविकाराचा धोका सुमारे ७.४ टक्क्यांनी वाढतो, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि किरणोत्सर्ग डीएनए तोडतो हे तर निर्विवाद आहे.

प्रतिसाद १ :
मी असहमत आहे. निरोगी धमनीच्या भिंतीतही एकाच वंशाच्या पेशींचे मोठे पट्टे असतात, हे नंतर स्पष्ट झाल्याने बेंडिट यांच्या निरीक्षणासाठी उत्परिवर्तन (डीएनएतील कायमचा बदल) गृहीत धरण्याची गरज उरत नाही. किरणोत्सर्ग रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सूजही आणतो, त्यामुळे त्यातून वाढणारा हृदयविकार डीएनए तुटल्यानेच होतो असे म्हणता येत नाही. चिलीतील अँटोफगास्ता शहराचा अनुभव मला निर्णायक वाटतो. तेथे १९५८ ते १९७० या काळात पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे ८०० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक होते. आज शिफारस केलेली कमाल मर्यादा १० मायक्रोग्रॅमची आहे. हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू त्याच काळात वाढले आणि पाणी शुद्ध झाल्यावर काही वर्षांत घटले, तर फुप्फुसाच्या व मूत्राशयाच्या कर्करोगाचे जादा मृत्यू पुढे कित्येक वर्षे होत राहिले. डीएनएवरील कायमचा घाव हेच दोन्हींचे मूळ असते, तर हृदयविकार इतक्या लवकर का ओसरला असता?

धागाकर्ता :
कारण झटका आणि प्लाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झटका बहुधा रक्ताच्या गुठळीमुळे येतो आणि गुठळी होण्याची प्रवृत्ती विष थांबताच कमी होते, पण प्लाक तसाच राहतो. धूम्रपान सोडलेल्यांत पायांच्या धमन्यांच्या आजाराचा वाढीव धोका तीस वर्षांपर्यंत टिकल्याचे अमेरिकेतील दीर्घ पाहणीत दिसले आहे. शिवाय आर्सेनिक डीएनएच्या दुरुस्तीतही अडथळा आणते.

प्रतिसाद २ :
आपण दोघेही धमनीच्या भिंतीतच शोधत आहात. अस्थिमज्जेतील रक्तपेशींत टेट२सारख्या जनुकात उत्परिवर्तन होऊन एकच वंश फोफावला, तर त्यातून निर्माण होणाऱ्या पांढऱ्या पेशी प्लाकमधील सूज भडकवतात. अशा व्यक्तींत हृदयधमनीविकाराचा धोका जवळपास दुप्पट असल्याचे २०१७ मध्ये समोर आले. टेट२ नसलेल्या मज्जापेशी दिलेल्या उंदरांतही प्लाक वाढला. येथे डीएनएतील बदल हा आजाराचा परिणाम नसून त्याच्या आधीची पायरी आहे, असे मला वाटते.

प्रतिसाद १ :
हा पुरावा मला मान्य आहे, परंतु त्या उत्परिवर्तनांमागचे सर्वांत मोठे कारण वय आहे. धूम्रपानाचा संबंध काही जनुकांपुरता अधिक ठळक आहे. तंबाखूच्या धुराची जी विशिष्ट उत्परिवर्तन-नक्षी फुप्फुसाच्या कर्करोगात ओळखता येते, ती प्लाकमधील पेशींतही ठळकपणे दाखवता आली, तर मी रसायनजन्य डीएनए-हानीला स्वतंत्र कारण मानेन. तोवर तिला सहकारणच म्हणेन.