इलेक्ट्रिक गाडीची निवड आणि चार्जिंगचा खर्च: तुमचे अनुभव लिहा

नवी गाडी घ्यायची म्हटलं की हल्ली चर्चा इलेक्ट्रिकवर येतेच. रेंज आणि बॅटरीचा आकार माहितीपत्रकात मिळतो. विजेचं बिल किती वाढतं, प्रवासात चार्जिंगला किती वेळ आणि पैसा जातो, हे मात्र वापरणाऱ्यांनीच सांगायला हवं. म्हणून हा धागा. गाडी का निवडली आणि चार्ज कुठे करता, ते जरूर लिहा. विजेचे दर जागोजागी वेगळे असल्याने शक्यतो युनिटमध्ये लिहा, म्हणजे ज्याला त्याला आपल्या दराने गुणता येईल.

सुरुवात मी करते. गाडी छोटी हॅचबॅक आहे, रोजचं जाणं-येणं ठरलेलं. रात्री गाडी उभी राहते तिथपर्यंत स्वतंत्र वीजजोड नेता येतो का, हे आधी पक्कं केलं आणि मगच शोरूममध्ये पाऊल टाकलं. चार्जरला वेगळा सबमीटर लावलाय. गाडीची स्क्रीन १०० किलोमीटरला १४ युनिट दाखवते, सबमीटरवर तेवढ्याच अंतराला १६ च्या आसपास पडतात. घरच्या एसी विजेचं बॅटरीला लागणारं डीसी करताना काही वीज उष्णता होऊन जाते, शिवाय चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जागी असतात. बिल सबमीटरच्या आकड्याचं येतं, म्हणून स्क्रीनवरच्या आकड्यात दहा ते पंधरा टक्के मिळवूनच हिशोब करा.

*

सबमीटरला जोरदार अनुमोदन! आमच्याकडे वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा गाडीचा खास चार्जर) नाही, १६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चार्ज करतो. ताशी तीन युनिटं धरली तरी रात्रभरात पंचवीस-तीस होतात, रोजच्या धावपळीला ती पुरून उरतात. काळजी घ्यायची ती सॉकेटची. एका सकाळी प्लग काढताना हाताला चटका बसला. पाहिलं तर पिनेभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं. इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडलं, तर टर्मिनलचा स्क्रू सैल. इस्त्री दहा मिनिटं चालते, गाडी सलग आठ तास मोठा करंट ओढते, त्यामुळे जरासा सैल जोडही तापत राहतो. आता मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र एमसीबी आणि गळती पकडणारा ब्रेकर आहे. हा खर्च गाडीच्या किमतीतच धरा, आणि अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय पहिलं चार्जिंग करू नका.

*

घरी चार्जिंगची सोय नसलेल्यांच्या वतीने लिहितो. वर्षभर फक्त सार्वजनिक फास्ट चार्जरवर गाडी चालवली. युनिटचा दर घरगुती दराच्या दुप्पट-तिप्पट पडायचा आणि पेट्रोलच्या मानाने बचत जवळपास शून्यावर यायची. मग ऑफिसच्या पार्किंगमध्ये ७.४ किलोवॅटचा एसी पॉइंट मिळाला आणि गणितच पालटलं. घरी किंवा कामाच्या ठिकाणी, कुठेच प्लग मिळणार नसेल आणि इंधन वाचवण्यासाठीच गाडी घेत असाल, तर माझं स्पष्ट मत आहे: सध्या हायब्रिड बघा.

*

आमचा सगळा प्रवास हायवेचा. जाहिरातीतला '१५० किलोवॅट' हा चार्जिंगचा कमाल वेग असतो आणि तो थोडाच वेळ टिकतो. बॅटरी भरत जाते तसा वेग उतरतो, ८० टक्क्यांनंतर तर फारच. त्यामुळे विक्रेत्याला एकच विचारा: १० ते ८० टक्के किती मिनिटांत? आमची गाडी साधारण अर्धा तास घेते. पुढचे २० टक्के भरायला जवळपास तेवढाच वेळ जातो, म्हणून ८० ला प्लग काढून पुढे निघतो. मिनिटावर पैसे घेणाऱ्या केंद्रावर हे शेवटचे टक्के फारच महाग पडतात. चार्जिंग संपूनही गाडी तिथेच राहिली तर काही ठिकाणी वेगळं शुल्क लावतात, तेही लक्षात असू द्या.

आणि वेग! हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९० ऐवजी १२० ने गेलं तर तो पावणेदोन पटीच्या वर जातो. आम्ही शंभराच्या आत राहतो, वाटेतला एक थांबा बऱ्याचदा वाचतो.

*

निवड करताना बॅटरीचा प्रकार विचारला का कुणी? माझी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आहे. ती अधूनमधून १०० टक्के भरावी असं कंपनीच सांगते, नाहीतर किती चार्ज उरलाय याचा अंदाज चुकू लागतो. बहिणीची एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) आहे, ती रोज ८० पर्यंतच भरते आणि लांब जायचं असेल तेव्हाच पूर्ण. म्हणजे कागदावर सारखीच रेंज असली तरी रोज हाताशी येणारी रेंज वेगळी. एलएफपी तेवढ्याच क्षमतेला जड असते आणि थंडीत हळू चार्ज होते, पण जास्त चार्ज-सायकल (भरणं-रिकामं होणं) टिकते. आम्हाला टिकाऊपणा हवा होता.

*

कडक थंडीतला अनुभव. हिवाळ्यात रेंज पाव ते तिसरा हिस्सा घटते, छोट्या फेऱ्यांत जास्तच, कारण दर वेळी केबिन नव्याने तापवावी लागते. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणून कमी विजेत केबिन तापवणारी यंत्रणा) असलेलं मॉडेल मुद्दाम घेतलं. निघण्याआधी प्लग लावलेला असतानाच केबिन गरम करतो, म्हणजे ती वीज बॅटरीतून जात नाही.

*

मी जुनी घेतली. किलोमीटरपेक्षा बॅटरीचं आरोग्य आधी बघा. मूळ क्षमतेच्या किती टक्के शिल्लक आहे, याचा रिपोर्ट मागा. २०१० च्या निसान लीफसारख्या सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरीला द्रव कूलिंग नव्हतं. उष्णतेने बॅटरी लवकर थकते, म्हणून गरम हवेत राहणाऱ्यांनी हा मुद्दा सोडू नये. बऱ्याच कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. ती दुसऱ्या मालकाला लागू होते का, हे लेखी घ्या.

एक शंका: पुढच्या वेळी मोठ्या बॅटरीची घ्यावी का? रोजचं अंतर चाळीसेक किलोमीटर.

*

रोज घरी चार्ज होत असेल तर चाळीस किलोमीटरसाठी नको. मोठी बॅटरी म्हणजे जास्त किंमत आणि जास्त वजन, आणि ते वजन रोज थोडी जास्त वीज खातं. उरलेल्या पैशांत घरची वायरिंग नीट करा. रात्री वीज स्वस्त मिळत असेल तर चार्जिंगची वेळ लावून ठेवा. तुमच्या जुन्या गाडीच्या रिपोर्टमध्ये किती टक्के निघाले, तेही सांगा. इथे बरेच जण जुनी घ्यायच्या विचारात आहेत.