सह्याद्रीसाठी गाईडबुक घ्यावं का? आणि घ्यायचं तर कोणतं?

निवांतभटक्या

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारायचं होतं. आम्ही ऑफिसातले चौघं, आत्तापर्यंत जे काही किल्ले केले ते सगळे ट्रेकिंग ग्रुपबरोबर, म्हणजे पैसे भरा, बसमधे बसा, लीडरच्या पाठोपाठ चाला, वर फोटो काढा आणि खाली या. राजगड, हरिहर, कळसूबाई सगळं झालं पण खरं सांगू का, वाट नेमकी कुठल्या सोंडेवरनं गेली असं कोणी विचारलं तर आमच्यातल्या एकालाही सांगता यायचं नाही. आता डिसेंबरात आपलं आपण जायचं ठरवतोय, रतनगड ते हरिश्चंद्रगड, कात्राबाईच्या खिंडीतून. फोनमधे तीन जणांचे ट्रॅक, म्हणजे ते चालले त्या वाटेच्या जीपीएसवरच्या रेघा, उतरवून ठेवलेत पण तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. एक मित्र म्हणतो पुस्तक घे, दुसरा म्हणतो आजच्या काळात पुस्तक कोण नेतं.

तर प्रश्न असे की मराठीत चांगलं गाईडबुक कोणतं, जुनी आवृत्ती मिळाली तर चालेल का, आणि ट्रॅक असताना पुस्तकाने नक्की काय जास्तीचं मिळतं?

कातळटप्पा

मराठीत म्हणाल तर आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’, डोळे झाकून. इंग्रजी चालत असेल तर हरीश कपाडियांचं ‘ट्रेक द सह्याद्रीज’. हे कपाडिया म्हणजे हिमालयन जर्नलचे अनेक वर्षं संपादक असलेले, त्यामुळे लिहिण्यात एक शिस्त आहे. दोन्ही पुस्तकं एका किल्ल्यापुरती नाहीत, आख्खी रांग डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली आहेत, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं तिथेच आहे.

नेटवर बहुतेक ट्रॅक हे पायथ्याचं गाव ते माथा आणि परत असे असतात. लोक गाडी लावतात, वर जातात, गाडीपाशी येतात. पुस्तकवाला सांगतो की हा डोंगर पलीकडच्या डोंगराला कुठे जोडलाय, मधे खिंड कुठली, खिंडीच्या अल्याड कुठलं खोरं आणि पल्याड कुठलं. तुमचंच घ्या ना, रतनवाडीच्या बाजूला आहात तोवर प्रवरेचं खोरं, कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतकडे उतरलात की मुळेचं. एवढं एक डोक्यात पक्कं असेल तर धुक्यात सुद्धा माणूस ओढ्याच्या पाण्याकडे बघून म्हणू शकतो की अरे आपण अजून खिंडीच्या अलीकडेच आहोत. फोनवरची निळी रेघ हे सांगत नाही, ती फक्त म्हणते की तू रेघेवर आहेस किंवा नाहीस.

जुनी आवृत्ती बिनधास्त घ्या पण काय वाचायचं आणि काय सोडायचं ते कळलं पाहिजे. एसटीच्या वेळा सोडून द्या, मुक्कामी गाडी वगैरे तर विसराच. गावापर्यंतचा रस्ता पण सोडा, पूर्वी जिथे तासभर चाल होती तिथे आता डांबरी आलीये. धरणांनी तर कित्येक पायवाटा बदलून टाकल्यात, खिरेश्वरला जायचं तर खुबी फाट्यावरनं पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरनं जातो आपण, धरण होण्याआधीच्या वर्णनात ही भिंत कशी सापडणार? पण सोंड, धार, खिंड, नाळ, कडा यातलं काही हललेलं नाही. पुस्तकाचा तेवढा भाग कधी शिळा होत नाही.

जीपीएक्स_भाऊ

सगळा आदर राखून सांगतो की हे जरा जुन्या आठवणींचं प्रेम चाललंय. पुस्तक एकदा छापलं की संपलं. मागच्या पावसाळ्यात दरड येऊन वाट गेली तर पुस्तक काय सांगणार? ट्रॅकच्या खाली लोक कॉमेंट टाकतात की इथे शिडी बसवलीये, इथलं पाणी खराब आहे, इथे आता प्रवेश फी घेतात. शिवाय ऑफलाईन नकाशा, उंची, सूर्यास्त सगळं खिशात. तीन ट्रॅक जुळत नाहीत म्हणता तर ज्याला सगळ्यात जास्त लोकांनी फॉलो केलंय आणि जो ताजा आहे तो धरा, पॉवरबँक दोन न्या, विषय संपला.

रानजाई

जीपीएक्स भाऊ, ताज्या माहितीबद्दल तुमचं बरोबर आहे, शिड्या आणि रेलिंग याबाबतीत पुस्तकं कायम मागेच राहणार. पण विषय संपला म्हणू नका.

पहिलं म्हणजे ट्रॅक टाकणारा माणूस चुकला होता की नाही हे रेघ सांगत नाही. ढोरवाटेने भरकटून कारवीच्या दाट झुडपांत अर्धा तास घुसमटून परत मूळ वाटेला लागलेला माणूस पण तोच ट्रॅक अपलोड करतो आणि पुढचे दहा जण त्याच कारवीत घुसतात, मग दहा जणांचे ट्रॅक तिथूनच जातात आणि ती ‘लोकप्रिय’ वाट होते. दुसरं म्हणजे नळीत, म्हणजे कड्यामधल्या अरुंद घळीत, किंवा कड्याच्या पोटात आकाशच चिंचोळं दिसतं, सॅटेलाईट कमी मिळतात, सिग्नल कातळावर आपटून फोनपर्यंत येतो आणि टिंब इकडे तिकडे सरकतं. सपाटीवर वीस तीस मीटरने काही बिघडत नाही हो, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या बाजूच्या नळीच्या वाटेत तेवढ्या अंतरात वाट आणि दरी दोन्ही बसतात.

आणि नकाशाबद्दल पण एक. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे त्यांच्या साईटवरनं उतरवता येतात, जरूर उतरवा, एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. पण त्यात उंचीच्या रेषा २० मीटरच्या टप्प्याने असतात. म्हणजे १५ मीटरचा उभा कातळ दोन रेषांच्या मधे आरामात गडप होतो, नकाशावर साधा उतार दिसतो आणि तिथे गेल्यावर दोराशिवाय पुढे सरकता येत नाही. ज्या माणसाने तिथे हात लावून पाहिलाय त्याने लिहिलेली एक ओळ, की ‘शेवटी छोटा कातळटप्पा, खोबण्या आहेत पण दृष्टिभय आहे’, ही कुठल्याच नकाशात मिळत नाही. फोनवाले नकाशे तर बरेचदा सॅटेलाईटच्या उंचीवरून बनवलेले असतात, त्यात कडा गुळगुळीत होऊन घसरगुंडीसारखा दिसतो.

वाचताना दोन गोष्टी मात्र नीट बघा. ‘डावीकडे वळावे’ असं असेल तर चढताना डावीकडे की उतरताना? तुम्ही उलट्या दिशेने जात असाल तर सगळं उलटं होतं, मी तर पेन्सिलीने बाजूला पूर्व पश्चिम लिहूनच ठेवते. ओढ्याचा डावा काठ म्हटलं की वाहत्या पाण्याच्या दिशेने तोंड करून डावा, असा हिमालयातल्या पुस्तकांत संकेत आहे, आपल्याकडे प्रत्येक लेखक तो पाळतोच असं नाही. आणि दुसरं, लेखक कुठल्या महिन्यात गेला होता? टाक्यात पाणी आहे हे वाक्य नोव्हेंबरात खरं आणि एप्रिलमधे खोटं असू शकतं. पावसाळा संपता संपता गवत कमरेइतकं असतं, मळलेली वाट पण दिसत नाही, तीच मार्चमधे लांबनं पांढरी रेघ दिसते.

यॉर्कशायरचा_पाव्हणा

इथे लीड्सला राहतो, वीकेंडला लेक डिस्ट्रिक्टला जातो म्हणून मधे बोलतो. आवृत्त्यांचा विषय निघालाय तर इथलं उदाहरण भारी आहे. आल्फ्रेड वेनराईट म्हणून एक गृहस्थ होते, केंडल गावच्या नगरपालिकेत खजिनदार. नोकरी सांभाळून या माणसाने तिथल्या २१४ डोंगरांची सात पुस्तकं केली, १९५५ ते १९६६ मधे एकेक करून आली, आणि सगळी हाताने लिहिलेली, टाईप नाहीच, अक्षरं चित्रं नकाशे सगळं पेनाने. प्रत्येक डोंगराला चढायच्या वाटा, माथ्यावरनं काय दिसतं आणि मग धारेने शेजारच्या डोंगरावर कसं जायचं ते वेगळं. कातळटप्पा म्हणतायत तेच, डोंगर एकटा नसतो.

आता गंमत म्हणजे वाटा बदलल्या, कुंपणं बदलली, तेव्हा पुस्तक टाकून नाही दिलं कोणी. ख्रिस जेस्टी नावाच्या माणसाने सगळे डोंगर परत चालून, जीपीएस हातात घेऊन तपासले आणि २००५ पासून सुधारित आवृत्त्या आल्या, मूळ हस्ताक्षराला शोभेल अशाच, वाटा तेवढ्या लाल रंगात. त्यानंतर अजून एकाने पुन्हा केलं. म्हणजे पुस्तक की जीपीएस हे भांडणच नाहीये, जीपीएस घेऊन पुस्तक दुरुस्त करता येतं. आपल्याकडे कोणी हे मनावर घेतलं तर मी स्कॅनिंग, टायपिंग जे म्हणाल ते इथून करायला तयार आहे.

आणि वेळेबद्दल, इथे सगळे नेस्मिथचा हिशोब धरतात, १८९२ चा आहे पण अजून चालतो. दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाईच्या दर ६०० मीटरला वर एक तास. समजा ६ किमी आणि ९०० मीटर चढ तर सव्वा तास अधिक दीड तास, पावणेतीनच्या आसपास. पण हा थंड हवेतल्या धडधाकट माणसाचा आकडा, सह्याद्रीत घसारा, ऊन आणि पाठीवर चार लिटर पाणी धरलं तर माझ्या मते दीडपट करा. पुस्तकात ‘दोन तास’ लिहिलं असेल तर लेखक कसा चालणारा होता ते आधी एखाद्या ओळखीच्या किल्ल्याच्या वर्णनावरनं ताडून बघा, मग बाकीचं त्या प्रमाणात वाचा.

बिलेवाला

ट्रेकचं ठीक आहे, क्लाईंबिंगचं पुस्तक वेगळा प्राणी आहे आणि त्यात आपण फार मागे आहोत. युरोपात आल्प्सच्या पुस्तकात रूटला एफ, पीडी, एडी, डी, टीडी, ईडी अशी सोप्याकडून अवघडाकडे जाणारी श्रेणी असते, सोबत कड्याची रेखाकृती, प्रत्येक पिच (दोराचा एक टप्पा) किती लांब, बिले स्टेशन (थांबून जोडीदाराचा दोर सांभाळायची जागा) कुठे, उतरायची वाट कुठली. आपल्याकडे सोपा, मध्यम, कठीण. अरे मध्यम म्हणजे काय? दमछाक मध्यम, की हात सुटला तर दोनशे मीटर खाली पण चालायला सोपं म्हणून मध्यम? या दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्याच पाहिजेत. मदनगडाला जाताना जो आडवा पॅच आहे तो चढाई म्हणून काहीच नाही, पण दृष्टिभयाने लोक थिजतात तिथे.

अलंग, मदन, कुलंग या तीन शेजारच्या किल्ल्यांच्या त्रिकुटाचं तर अजूनच. इंग्रजांनी १८१८ नंतर पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, त्यामुळे अलंग आणि मदनला दोर लावावाच लागतो. कुठल्यातरी ब्लॉगवर ‘बोल्ट (दोर अडकवायला कातळात ठोकलेले खिळे) आहेत, चिंता नाही’ असं वाचून मुलं जातात. बोल्ट कोणी मारला, कधी मारला, किती पाऊस खाल्ला, कोणालाच माहीत नसतं. पुस्तकात फार तर बोल्टची जागा लिहिता येते, तो आज तुमचं वजन घेईल का हे तिथे गेल्यावर तुम्हालाच बघायचंय, आणि ते बघता येत नसेल तर जाणकाराशिवाय जाऊ नका. धागाकर्त्याचा रूट चालायचाच आहे म्हणा, पण रतनगडाच्या शिड्यांना पण हाच नियम लावा, आधी हलवून बघायची, मग एका वेळी एकच जण.

कागदकुरतड्या

थोडं अवांतर. ज्यांना जुन्या पुस्तकांचा किडा आहे त्यांनी इंग्रजी अमदानीतली गॅझेटियर बघा, १८८३ चं नाशिक, १८८४ चं अहमदनगर, १८८५ चं पुणे, नेटवर फुकट आहेत. किल्ल्यांची नोंद गाईडबुकासारखीच आहे, फक्त वाचक ट्रेकर नव्हता, साहेब होता. पाणी कुठे, दरवाजे किती, चढाई कशी. नाशिकच्या खंडात कॅप्टन ब्रिग्जने १८१८ मधे किल्ले बघून लिहिलेलं जागोजागी उतरवलंय. हरिहरच्या पायऱ्या बघून त्याचीही टरकली होती, शब्दांत सांगता येत नाही असंच म्हणतो तो. आपण आता त्याच पायऱ्यांवर रविवारी रांग लावतो.

निवांतभटक्या

बाप रे, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. डोंगरयात्रा शोधायला सुरुवात केलीये, पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत चक्कर मारतो. शेवटचा प्रश्न, पुस्तक, नकाशा आणि ट्रॅक तिन्ही आहे असं धरलं तर प्रत्यक्ष आधीच्या आठवड्यात काय करायचं? आणि कुमशेतहून वाटाड्या घ्यावा का?

रानजाई

मी काय करते ते सांगते. पुस्तकातलं वर्णन वाचून नकाशावर पेन्सिलीने वाट काढायची, मग ट्रॅक त्यावर टाकून बघायचा. जिथे तिघं जुळतात तिथे डोकं लावायचं नाही. जिथे जुळत नाहीत त्या जागा वेगळ्या लिहायच्या, बहुतेक दोन किंवा तीनच निघतात. तुमच्या रूटवर रतनगड उतरून कात्राबाईच्या वाटेला लागायचा फाटा नक्की निघेल त्यात, कारण रतनवाडीकडे परत जाणारी वाट जास्त मळलेली आहे आणि पाय आपोआप तिकडे वळतात.

तेवढ्याच जागा रतनवाडीत कोणाला तरी विचारा. ‘खिंडीकडे वाट जाते का’ असं नाही विचारायचं, त्याला सगळे हो म्हणतात, ‘फाट्यावर काय खूण आहे’ असं विचारायचं. पहिल्यांदा जाताय तर रतनगड ते कुमशेत वाटाड्या घ्याच, पैसे आधी बोलून घ्या, आणि त्याच्या मागे नुसतं चालू नका, पुस्तकाच्या पानाचा फोटो हातात ठेवून वाट जुळवत जा. कुमशेत ते पाचनई रस्त्याने आणि पायवाटेने दोन्ही जाता येतं. पाचनईहून हरिश्चंद्रगडाची वाट सगळ्यात सोपी, तिथे वाटाड्याची गरज नाही. उतरताना टोलार खिंडीतून खिरेश्वर.

कातळटप्पा

+१. हे सगळं कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं, तर मुक्कामाचे आणि शेकोटीचे सध्याचे नियम वनखात्याच्या नाक्यावर विचारून घ्या, पुस्तकात बघू नका. आणि जुनी आवृत्ती मिळाली तर आधीच्या मालकाच्या समासातल्या नोंदी खोडू नका हो, कधी कधी छापलेल्यापेक्षा त्याच कामाच्या असतात.

निवांतभटक्या

मिळालं! मागची चार पानं सुटी झालीयेत आणि समासात कोणीतरी ‘इथे पाणी नाही’ असं तीनदा अधोरेखित केलंय. कुठल्या महिन्यात ते मात्र लिहिलेलं नाही 😀