भाड्याच्या घराचं आवार: साफसफाईला आणि झाडांना किती पैसे धरायचे?

अंगण६००: भाडेकरू निघतोय, नवा यायला तीन आठवडे आहेत. मागे ६०० चौरस फूट जागा, कमरेएवढं गवत, कोपऱ्यात विटांचे तुकडे, कुंपणाच्या जाळीवर वेल. शोभेची बाग नको, पुढे कमी राबावं लागलं म्हणजे झालं. लॉन लावू की सरसकट खडी? खर्चाचा अंदाज कसा बांधायचा?

कुदळफावडं: मजुरी सगळे विचारतात, कचरा उचलायचं मात्र राहून जातं आणि तिथेच हिशेब फिसकटतो. काम उक्तं देताना कापणं, गोळा करणं, गाडीत भरणं, नेऊन टाकणं ही चारही कामं लिहून घ्या. ‘मुळासकट’ हा शब्दही लिहा, नाहीतर वरवर छाटून मोकळे होतात. राडारोडा आणि पालापाचोळा यांचे ढीग वेगळे हवेत. मिसळले की कोणी धड घेत नाही. एकूण रकमेवर १०–१५ टक्के जास्तीचे धरा, कारण गवताखाली काय निघेल ते कापल्यावरच कळतं.

खडीवाला: ६०० चौरस फुटांवर २ इंच थर म्हणजे १०० घनफूट, बरोबर १ ब्रास. वजन चार टनांच्या वर. गाडी मागपर्यंत जात नसेल तर घमेल्यांनी वाहायची मजुरी वेगळी धरा. खाली प्लास्टिक नको, पाणी तुंबतं. पाणी जिरू देणारं तणरोधक कापड घाला, जोडावर ६ इंच चढवून. लव्हाळा हे चिवट तण असेल तर आधी गाठींसकट खणून काढा, त्याचे कोंब कापडही भोकसतात.

मातीपाणी: सरसकट खडी नकोच. पाला पडतो, कुजतो, दोनेक वर्षांत खडीवरच माती साचून तण उगवतं. वर ती तापते ती वेगळीच. भिंतीलगत ३ फुटी पट्टा पुरे: तोच २ इंच थर धरून ४० फूट लांबीला २० घनफूट, म्हणजे ब्रासचा पाचवा हिस्सा. पट्टा भिंतीपासून बाहेर उतरता ठेवा, नाहीतर भिंतीत ओल. उरलेल्या जागेत आहे तेच गवत ३ इंचांवर कापत राहा. नवं लॉन स्वस्त वाटतं, पण आठवड्याला १ इंच पाणी धरलं तरी ६०० चौरस फुटांना सुमारे १,४०० लिटर लागतं. ते कोण घालणार? करारात ‘बागेची निगा’ असं मोघम लिहू नका. ‘दर पंधरा दिवसांनी गवत कापणे’ असं लिहा, ताबा देताना फोटो जोडा.

अंगण६००: पट्ट्याचं पटलं. वेल आत्ताच ओढून काढू का?

कुदळफावडं: ओढू नका, ओल्या वेलाबरोबर जाळी वाकते आणि दुरुस्ती अंगावर येते. बुंधा जमिनीलगत कापा, आठ-दहा दिवस वाळू द्या, मग तुकडे करून उतरवा. तीन आठवडेच आहेत, तेव्हा हे काम पहिल्याच दिवशी.