मदत हवी आहे: मशीन कधी उभं होतं ते कळतंय, का उभं होतं ते डेटातून कसं काढायचं?

नमस्कार मंडळी, आमचं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, पाच टर्निंग (सीएनसी लेथ) आणि दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीनं), दोन शिफ्ट, काम बहुतेक फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं. बाबांनी सगळं रजिस्टरवर चालवलं, मी दिवाळीनंतर मॉनिटरिंग बसवलं. टॉवर लॅम्पच्या (मशीनवरचा हिरवा-पिवळा-लाल दिवा) वायरींवरून ऑप्टोकप्लर (दोन सर्किट वेगळी ठेवून फक्त सिग्नल पुढे देणारा भाग) घालून ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाला सिग्नल घेतलाय (लॅम्प २४ व्होल्टचा आणि बोर्डाची पिन ३.३ ची, थेट जोडू नका, एक बोर्ड घालवून बसलोय) आणि ऑफिसातल्या जुन्या पीसीवर नोड-रेड (डेटा गोळा करायला), इन्फ्लक्सडीबी (साठवायला), ग्राफाना (ग्राफ दाखवायला).

आता अडचण सांगतो. चार नंबरचं टर्निंग रात्रपाळीत रोज दीड-दोन तास पिवळं, म्हणजे उभं, दिसायचं. मी ग्राफची प्रिंट काढून ऑपरेटरपुढे ठेवली. ते मामा आमच्याकडे २२ वर्षं आहेत, मला त्यांनीच व्हर्नियर धरायला शिकवलं. काही बोलले नाहीत, डबा उचलला आणि गेले. मला रात्रभर झोप नाही. मग दोन रात्री मीच मशीनपाशी थांबलो तेव्हा कळलं, इन्सर्टची (टूलवर बसणारा, बदलता येणारा कापणारा तुकडा) धार गेली की नवीन इन्सर्ट कपाटात आणि किल्ली सुपरवायझरकडे, तो रात्री नसतो. मामा त्याच इन्सर्टच्या उरल्यासुरल्या कडा फिरवायचे, परत ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) द्यायचे, पीस मोजायचे, फीड (टूल पुढे सरकायचा वेग) कमी करून शिफ्ट ओढायचे. म्हणजे दिवा हिरवा असायचा तेव्हाही १४० सेकंदांची सायकल १६५ ला जायची आणि माझ्या स्क्रीनवर ते दिसतच नव्हतं. मामांची माफी मागितली, कपाट आता उघडं असतं, पण दर वेळी मी रात्री उभा राहू शकत नाही ना.

तर कारण ऑपरेटरकडून कसं नोंदवून घ्यायचं? टचस्क्रीन लावला तर कूलंटचे हात, दोन दिवसांत तो दिसेनासा होईल. दोन मशीनना फक्त आरएस-२३२ (जुना सिरियल पोर्ट) आहे, त्यांचे पीस कसे मोजू? आणि ओईई (मशीनचा एकूण परिणामकारक वापर) ८५ टक्के पाहिजे असं जो तो सांगतो, आमच्याकडे दिवसाला तीन-तीन सेटिंग (नव्या जॉबसाठी मशीन लावणं) होतात, तो वेळ धरायचा का?

प्रतिसाद:
दादा, स्क्रीन नको, साधी पुश बटणं लावा, पाचच, इन्सर्ट, माल नाही, सेटिंग, क्यूसी (तपासणी), मेंटेनन्स. पाच मिनिटांच्या वर उभं राहिलं तरच कारण मागा, दर थांब्याला मागितलं तर लोक हाताला येईल ते दाबतात. जुन्या फॅनक कंट्रोलरवर मॅक्रो बी (प्रोग्रामात व्हेरिएबल वापरायची सोय) ऑप्शन असेल तर एम३० (प्रोग्राम संपल्याचा कोड) च्या आधी डीपीआरएनटी या प्रिंट कमांडची ओळ घाला, सिरियल पोर्टवरून दर पीसला एक ओळ बाहेर येते, दोन ओळींमधलं अंतर हाच तुमचा खरा सायकल टाइम, लोड-अनलोड धरून. इथरनेटवाल्यांना फॅनकच्याच फोकस लायब्ररीने पोर्ट ८१९३ वरून पार्ट काउंट घ्या. ८५ चा आकडा म्हणजे उपलब्धता ९०, वेग ९५, क्वालिटी ९९.९ यांचा गुणाकार, एकच जॉब महिनोन्‌महिने चालणाऱ्या लाइनला तो ठीक. सेटिंग धरा पण वेगळ्या रंगात दाखवा, नाहीतर उपलब्धता का पडली ते कळणार नाही. आणि रिपोर्टवर ऑपरेटरचं नाव अजिबात टाकू नका, फक्त मशीन नंबर.

धागाकर्ता:
खूप आभार, नावं आजच काढली. मामांना पाच बटणं दाखवली, तर म्हणाले सहावं लाव, क्रेनचं. शेडमध्ये एकच आहे आणि व्हीएमसीवर जड जॉब चढत असला की टर्निंगवाले थांबून राहतात, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. कूलंटमध्ये टिकणारी बटणं कोल्हापुरात कुठे मिळतील, कोणी वापरलीत का?