रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून पाण्यातलं मीठ किंवा साखर मोजणारा मीटर) आरओच्या पाण्यावर झीरो करायचा की ३५ च्या सोल्युशनवर (३५ म्हणजे समुद्राच्या पाण्याचा खारेपणा, हजार ग्रॅममागे ३५ ग्रॅम क्षार)?

सिडकोचा टँक: दर रविवारी काचेवर आरओचे दोन थेंब टाकून निळी रेघ शून्यावर आणतो, मग समुद्री मत्स्यालयाच्या टँकचं पाणी बघतो, ३५ च येतं. मित्र म्हणतो झीरो करणंच चूक. माझं मत, शून्य बरोबर तर पुढचंही बरोबर.

निफाडची बाग: बरोबरे तुझं. आम्ही द्राक्ष तोडणीआधी मण्याचा रस टाकून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, बघतो, त्याआधी डिस्टिल्ड वॉटरने झीरो, बास. व्यापाऱ्याच्या मीटरशी जुळतं. उगाच सोल्युशनच्या बाटल्या कशाला?

गंगापूर रोड: दादा, तुमची पट्टी साखरेची आणि रसात साखरच, म्हणून जुळतं. मत्स्यालयाच्या नावाने मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त मीटरची पट्टी साध्या मिठाच्या पाण्याची असते आणि समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट पण असतं, त्यात प्रकाश जरा वेगळा वाकतो, म्हणून खरं ३५ चं पाणी त्यावर ३६.५ दाखवतं, शून्य कितीही चोख असलं तरी. म्हणजे सिडकोवाल्याचं ३५ हे खरं ३३.५ असू शकतं.

इंदिरानगर: दीडच्या फरकाने काय होतंय? तांबड्या समुद्रात ४० च्या आसपास कोरल वाढतात. आकडा स्थिर ठेवा. आपल्याकडे एप्रिलमध्ये दोन दिवस टॉप-अप (आटलेल्या पाण्याऐवजी आरओचं पाणी घालणं) राहिला की पाणी किती आटतं बघा, खरं नुकसान तिथे आहे.

गंगापूर रोड: टॉप-अपचं शंभर टक्के मान्य. पण तिथले कोरल तिथलेच, आणि मीटर बदलला की तुमचा स्थिर आकडा पण बदलणार ना. सोल्युशन घरीच करा, ३६.५ ग्रॅम साधं मीठ नि ९६३.५ ग्रॅम आरओचं पाणी, दशांश दाखवणाऱ्या काट्यावर मोजून; ते प्रकाश ३५ च्या समुद्राच्या पाण्याइतकाच वाकवतं. थेंब टाकून अर्धा मिनिट थांबा, काचेचं नि पाण्याचं तापमान एक होऊ द्या, मग स्क्रूने रेघ ३५ वर.

सिडकोचा टँक: केलं आत्ताच. रेघ ३६.५ वरच होती! ३५ वर आणून टँक बघितला तर ३३.५. एकदम मीठ नाही ओतणार, आठवडाभर टॉप-अपला आरओऐवजी खारं पाणीच घालतो.

निफाडची बाग: पट्टी कसली ते आधी बघायला हवं, हे पटलं. पण समुद्राच्याच पट्टीचा चांगला मीटर घेतला तर झीरो पुरे, यावर मी ठाम आहे.