अलीकडे वाचलेली प्रेमकथा, आणि पुस्तक मिटून ठेवावं लागलं ती जागा

चौथी सीट (धागाकर्ती)

सकाळची डोंबिवली फास्ट, चौथ्या सीटवर अर्धी टेकून वाचत होते. उतरायचं होतं कुर्ल्याला, डोकं वर काढलं तर दादर आलेलं. ऑफिसात काय कारण सांगणार? एका माणसाचे हातमोजे राहिले म्हणून?

पुस्तक जेन ऑस्टिनचं ‘पर्स्युएशन’. २०२५च्या डिसेंबरात तिच्या जन्माला अडीचशे वर्षं झाली, जिकडेतिकडे तिच्यावर लिहून येत होतं, म्हणून उचललं. नायिका ॲन सत्तावीस वर्षांची. ठरलेलं लग्न तिने आठ वर्षांपूर्वी वडीलधाऱ्यांचं ऐकून मोडलेलं. तोच माणूस आता कॅप्टन होऊन परत आलाय, खोलीत टेबलाशी बसून कसलंसं कामाचं पत्र लिहितोय. ही खिडकीशी भलत्याच माणसाशी वाद घालतेय, की आशा संपल्यावरही जास्त काळ प्रेम कोण करतं, बाई की पुरुष. आणि त्याच्या हातून लेखणी खाली पडते. एवढंच. मग तो निघून जातो, हातमोजे राहिले म्हणून परत येतो, आणि कागदांच्या पसाऱ्याखालून एक पत्र ओढून तिच्यापुढे ठेवतो. तोंडातून शब्द नाही. मी पुस्तक मिटलं आणि शेजारची बाई पोथी वाचत होती तिच्या बोटांकडे बघत बसले. कुर्ला तेव्हाच गेलं असणार.

तर तुमचीही अशी जागा सांगा. मराठी, इंग्रजी, मोबाइलवरची मालिका, काहीही चालेल. अख्खं कथानक नको, ते मलपृष्ठावर असतं. आणि ‘टाइमपास म्हणून वाचलं हो’ असं कोणी लिहायचं नाही.

खडू-डस्टर

‘शाळा’, मिलिंद बोकील. तिसऱ्यांदा वाचलं, पण नववीचा वर्गशिक्षक झाल्यावर पहिल्यांदाच. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, जोशी आणि त्याची शिरोडकर. पोराच्या डोक्यात ती सदैव आडनावानेच असते, हे मला आधी गमतीचं वाटायचं. यंदा तिथेच थांबलो. मुलीचं पहिलं नाव मनातल्या मनातसुद्धा घ्यायची हिंमत होत नाही, असं ते वय.

त्याच आठवड्यात वर्गात एक चिठ्ठी पकडली. चार घड्या घातलेली, वर बदामाचं चित्र, तेही वाकडं. पोरगा पांढराफटक पडला. न उघडता परत दिली. स्टाफरूममध्ये यावरून मला बोलणी बसली, पण ते असू दे.

गोदाकाठ

माझी प्रेमकथा दोन ओळींची आहे, आणि जुनी म्हणाल तर चांगली दोन हजार वर्षांच्या आसपासची. हाल सातवाहनाच्या नावावरची ‘गाहा सत्तसई’. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आमचं पैठण, त्यामुळे आम्हाला थोडा माज करायला हरकत नसावी. स. आ. जोगळेकरांची १९५६ची जाडजूड आवृत्ती काकांकडून आणली. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत नाव पाठ केलं होतं, आत काय आहे ते कोणी सांगितलंच नव्हतं. आत शेतं आहेत, गोदावरी आहे, खाष्ट सासू आहे, परगावी गेलेला नवरा आहे, आणि बोलणाऱ्या बहुतेक बायका आहेत. काही गाथा तर इथे सांगण्यासारख्याही नाहीत.

माझी जागा पाणपोईची. उन्हातून आलेला वाटसरू ओंजळ करून पाणी पितोय, नजर वर, पाणी घालणाऱ्या पोरीकडे. प्यायला जास्त वेळ मिळावा म्हणून तो बोटं हळूहळू फाकवतो, म्हणजे पाणी गळून जावं. आणि ती? तीही धार बारीक करत जाते. संपली गाथा. नाव नाही, गाव नाही, पुढे काय झालं त्याचा पत्ता नाही. दोघांनी एकमेकांची लबाडी ओळखली, एवढंच आपल्याला कळतं.

वाचून झाल्यावर कामासाठी बसस्टँडवर गेलो तर तिथली पाणपोई बघून हसू आलं. प्लॅस्टिकचा जार, खाली नळ, नळाला साखळीने बांधलेला स्टीलचा पेला. नळ आला आणि सगळा रोमान्स गेला.

चौथी सीट

गोदाकाठ, साखळीने बांधलेल्या पेल्यावर कोणीतरी गाथा लिहा रे.

दाखल क्रमांक

वय ६८, म्हणून थोडं लांबेल.

आमच्या गावच्या वाचनालयात कार्डावर पुस्तकाचं नाव आणि दाखल क्रमांक दोन्ही लिहायची पद्धत होती. कार्ड वडिलांच्या नावावर, पुस्तकं मी आणणार. शकुंतला गोगटे, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, बाबा कदम, आणि सगळ्यात चोरून चंद्रकांत काकोडकर. ग्रंथपाल काका भले. माझ्यापुरते ते नाव लिहायचे नाहीत, नुसता क्रमांक टाकायचे. एकदा वडील स्वतः वाचनालयात गेले आणि रजिस्टरमध्ये क्रमांक ताडून पाहिला. घरी आले, हातपाय धुतले, जेवले, एक अक्षर बोलले नाहीत. मी दोन रात्री झोपले नाही. पुढच्या आठवड्यात तेच पुस्तक त्यांच्या उशाखाली सापडलं. आम्ही दोघांनीही तो विषय जन्मात काढला नाही.

काकोडकरांना आता कोणी ओळखत नाही, म्हणून सांगते. राजेश खन्नाचा ‘दो रास्ते’ त्यांच्या ‘नीलांबरी’वरून निघाला. आणि ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकातली त्यांची ‘श्यामा’ ही कथा अश्लील म्हणून कोर्टात गेली होती. हायकोर्टाने दोषी ठरवलं, सुप्रीम कोर्टाने १९६९ साली निर्दोष सोडलं. आमच्या घरी ‘त्यांची पुस्तकं कोर्टात गेलीत’ एवढीच अर्धी बातमी पोचली होती, निर्दोषची नाही.

मागच्या महिन्यात रद्दीवाल्याकडे त्यांची एक कादंबरी मिळाली. कव्हर गेलेलं, तीस रुपये. खरं सांगू? वाङ्मय म्हणून फार काही नाही. नायक फार बोलतो. पण एका पानावर नायिका म्हणते की तिला आता त्याची आठवणसुद्धा येत नाही, आणि तिथे समासात कोणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, ‘खोटं!’ अक्षर बाईचं. पुस्तक मिटलं ते तिथे. ती कोण असेल, कुठल्या साली, कोणापासून लपवून वाचत असेल. मी खाली पेन्सिलीने लिहिलं, ‘खरंच खोटं.’

निळी भिंत

सचिन कुंडलकरांचं ‘कोबाल्ट ब्लू’. मराठीत २००६चं, मी वाचलं यंदा. नेटफ्लिक्सवरचा सिनेमा आधी पाहिला होता. घरात पेइंग गेस्ट राहायला येतो आणि भाऊ आणि बहीण दोघंही त्याच्याच प्रेमात पडतात. पहिला अर्धा भाग भाऊ बोलतो, ते सगळं निघून गेलेल्या त्या माणसाला ‘तू’ म्हणून. त्या माणसाला पुस्तकभर नाव नाही. मला नाव न घेता बोलायची सवय आहे. मित्रांमध्ये अनेक वर्षं ‘ती व्यक्ती’ म्हणत आलो, म्हणजे क्रियापद आपोआप स्त्रीलिंगी होतं आणि कोणी काही विचारत नाही. मराठी व्याकरणाने माझी बरीच सोय केली आहे.

पुस्तक बहिणीला दिलं. तिने दोन दिवसांनी परत केलं, आत बसच्या तिकिटाची खूण, भावाचा भाग संपतो तिथे. म्हणाली, उरलेलं तू समोर असताना वाचीन.

नाइट ड्यूटी

मी सिस्टर आहे. रात्री दोन ते चार पुस्तक उघडून बसायची सोय नाही, मोबाइलवर भाग वाचते. आमच्या ॲपवर सगळं खडूस बॉस आणि कॉन्ट्रॅक्ट मॅरेज. एक मालिका १४३ भाग वाचली, दोघं अजून एकमेकांशी धड बोललेले नाहीत. दर भागाच्या शेवटी दारावर टकटक होते. पुढचा भाग उघडायचा तर कॉइन्स लागतात, आणि उघडला की दारात दूधवाला. हसा. मी पैसे भरलेत.

पण एक भाग विसरत नाही. बायकोचा हात प्लास्टरमध्ये, सासू गावी, आणि नवऱ्याला तिची वेणी घालायची वेळ येते. तीन पेडांतला मधला पेड त्याच्या हातून सारखा निसटतो. तिला दुखू नये म्हणून तो इतकी सैल घालतो की जिना उतरेपर्यंत सुटते. ती तशीच ऑफिसला जाते. एवढाच भाग. लेखिकेने शुद्धलेखनाचा पार चुथडा केलाय, पण वेणी कशी सुटते ते तिला माहीत आहे. वाचत होते तेव्हा सात नंबरच्या आजोबांचं सलाइन संपत आलेलं, उठावंच लागलं. त्यांनी विचारलं, रडताय का. म्हटलं, झोप येतेय.

खारे दाणे

‘दुनियादारी’. सिनेमाला २०१३ साली जाऊन ओरडलो, शिट्ट्या मारल्या. सुहास शिरवळकरांचं पुस्तक आत्ता वाचलं. सिनेमाला शिट्ट्या, पुस्तकाला गप्प. बास.

उशिरा वाचणारी

मी प्रेमकथा वाचत नाही. लेकीने कॉलीन हूवरचं ‘इट एंड्स विथ अस’ हातात ठेवलं आणि म्हणाली, आई, हे वाच. कव्हरवर फुलं, मला वाटलं असेल काहीतरी गुलाबी. नायिकेचं फुलांचं दुकान आहे, नवरा मेंदूचा सर्जन, देखणा, जीव टाकणारा. आणि मग तो पहिल्यांदा हात उचलतो. लगेच माफी मागतो, इतकी मनापासून की वाचणाऱ्याला त्याचीच दया येते. मला आली. मी पुस्तक मिटलं ते याच गोष्टीच्या रागाने, की मला दया आली.

ही प्रेमकथा म्हणून का विकतात यावर लेकीशी भांडले. ती म्हणाली, ‘प्रेम नसतं तर ती पहिल्या दिवशीच निघाली असती ना?’ मी उत्तर दिलं नाही. आमच्या घरातली गोष्ट इथे लिहिणार नाही. पण पुस्तक तिने मला का दिलं ते मला कळलं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलंय.

चौथी सीट

उशिरा वाचणारी, थांबलीस आणि लिहिलंस, बरं केलंस. पुढचं पुस्तक हवं असेल तर सांग, गुलाबी देऊ का कडू?

उशिरा वाचणारी

गुलाबी. एकदम गुलाबी.

पावसाळी

तिला गौरी देशपांडेंचं ‘तेरुओ’ द्या. गुलाबी नाही, पण कडूही नाही. मी दर जुलैत वाचते. जागा सांगणार नाही, दर वर्षी बदलते.

कसर

फ्रँकफर्टहून लिहितोय. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ वाचतोय, १९३९ची कादंबरी. मिरजेच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत सापडलं, बॅगेत तळाशी घालून आणलं. युद्ध तोंडावर आलंय, युरोपातून एक बोट निघालीय, तीवर आपला चक्रधर विध्वंस आणि जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी हर्टा. त्याचं आधीचं प्रेम फिसकटलेलं, बायकांवर राग. हिला देश उरलेला नाही. त्याला मुंबईला उतरायचंय आणि तिची बोट पुढे जाणार आहे, हे दोघांना पहिल्यापासून माहीत आहे. मी रोज ट्राममधून ऑफिसला जातो ते रस्ते हर्टाच्या देशाचे. काही घरांपुढे फुटपाथमध्ये लहान पितळी चौकोन बसवलेत, तिथून नेलेल्या माणसांची नावं आणि सालं कोरलेली. चार वर्षं त्यांवरून चालतोय, या आठवड्यात पहिल्यांदा वाकून वाचले.

पण माझी पंचाईत वेगळी आहे. बोट मुंबईला लागते आणि पुस्तक संपतं. म्हणजे संपत नाही, शेवटच्या पानांना कसर लागली आहे. जाळी झालीय नुसती. मधे मधे ‘पत्र’ एवढा शब्द वाचता येतो. कृपा करून शेवट सांगू नका.

खडू-डस्टर

सांगत नाही. पण सोमवारी सकाळी वाचू नकोस.

दाखल क्रमांक

बाळा, मी ते १९७५ साली वाचलं. सांगत नाही. वाचशील तेव्हा घरात कोणीतरी असू दे.

कसर

तुम्ही सगळ्यांनी मिळून मला आणखी घाबरवलंत. मिरजेला आत्याला फोन केला. तिने तिथल्या वाचनालयातून प्रत काढली आणि शेवटच्या पानांचे फोटो पाठवलेत. अकरा फोटो. नववा हलला आहे, कोपऱ्यात आत्याचा अंगठा. सकाळपासून व्हॉट्सॲपवर तसेच पडलेत, अजून एकही उघडलेला नाही. मुलाला शाळेत सोडून येतो.